मगरीच्या शेजारचं घर: बडोद्यात बसून मुलांचं चित्रपुस्तक काढायचं असेल तर

कुटुंबं आणि निसर्ग एकत्र नांदतात, या विषयावर मुलांचं चित्रपुस्तक काढायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच पान येतं: हिरवी टेकडी, हसरा सूर्य आणि झाडाला मिठी मारलेली दोन गुबगुबीत मुलं. असलं पान कुठल्याही गावात बसून काढता येतं आणि ते कुठल्याच गावाचं नसतं. बडोदेकरांनी त्याच्या वाटेला जायचं काही कारण नाही. पावागडाकडून येणारी विश्वामित्री आपल्या शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी राहतात, आणि काठाला सोसायट्या, विद्यापीठ, कमाटीबाग, सगळं आहे. विषय दारात येऊन बसलाय.

पुस्तक सुचण्यापासून ते छापून लोकांच्या हातात देईपर्यंतच्या सगळ्या भानगडी मी निस्तरल्या आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्यातल्या निम्म्या तरी टाळता याव्यात म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढच्या बहुतेक पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. मगर आणि माणूस इथे शेजारी राहू शकतात, कारण दोघं अंतर राखतात. त्यामुळे तुमच्या पुस्तकातलं खरं चित्र आहे ते अंतराचं. मुलगा मगरीच्या पाठीवर बसून नदी पार करतो, ही कल्पना कितीही गोड वाटली तरी बडोद्याच्या मुलांसाठी ती काढू नका. ज्या मुलाच्या सोसायटीत पुराच्या पाण्याबरोबर खरी मगर येऊ शकते, त्याच्या हातात असलं पुस्तक देणं धोक्याचं आहे.

आधी हाताशी काय हवं

- एक जाड, कोऱ्या पानांची वही आणि मऊ पेन्सिल
- साधी दुर्बीण (उसनी चालेल)
- डमीसाठी पाठकोरे कागद, कात्री, स्टेपलर
- जलरंग किंवा चित्र काढायचा टॅब्लेट. संगणकावर क्रिता आणि इंकस्केप मोफत मिळतात, पानं जुळवायला स्क्राइबस
- चांगला स्कॅनर. चित्रं छापायच्या मापात ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) यायला हवीत
- मुक्ता किंवा बालू यांच्यासारखा युनिकोड देवनागरी फॉन्ट. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, मुक्त परवान्याचे आहेत, छापील पुस्तकात वापरायला पैसे पडत नाहीत
- चार ते आठ वयाची दोन-चार मुलं, आणि मोठ्याने वाचून दाखवणारी एखादी आजी

१. एक घर, एक प्राणी, एक वर्ष

‘निसर्ग’ हा विषय पुस्तकात मावत नाही. एक घर घ्या, एक प्राणी घ्या, आणि वर्षातला ठरावीक काळ घ्या. मी मगरीबद्दल लिहिते आहे, पण तुम्हाला ती नको असेल तर आजूबाजूला पुष्कळ आहे. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांज्याने कापलेला पक्षी गच्चीवर पडतो आणि घरातलं कुणीतरी त्याला खोक्यात ठेवून करुणा अभियानाच्या (जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या सरकारी मोहिमेच्या) केंद्रावर घेऊन जातं, ही एका घराची आणि एका दिवसाची पूर्ण गोष्ट आहे. डभोईजवळचं वढवाणा तळं घ्या: बडोदे संस्थानाने १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं, आज थंडीतल्या पाहुण्या पक्ष्यांचं घर, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. माणसाने शेतासाठी अडवलेल्या पाण्यावर पक्ष्यांनी संसार मांडला, याहून चांगलं सहजीवन कुठे शोधणार? अंगणातली खारही चालेल. फक्त हे सगळं एका पुस्तकात नको.

२. नदीवर जा, पण पुलावरून बघा

थंडीत, ऊन जरा वर आलं की मगरी काठावर येऊन पडतात. मगरीला अंगातली ऊब बाहेरून घ्यावी लागते, म्हणून गारठ्याच्या सकाळी ती हमखास उन्हात असते. कमाटीबागेजवळच्या काळा घोडा पुलासारख्या ठिकाणी कठड्याशी उभं राहून दुर्बिणीने शांतपणे बघता येतं. काठावर उतरू नका. दगड मारून ‘हलते का बघू’ म्हणणारे महाभाग शेजारी येऊन उभे राहतीलच, त्यांना एवढं सांगा: मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे त्या कायद्याने शिकारीतच मोडतं. म्हणून ‘घरट्याचा फोटो हवा होता’ ही सबब चालत नाही.

वहीत नुसती मगर उतरवू नका, तिच्याभोवतीचं सगळं उतरवा. काठावर वाळत घातलेली गोधडी. म्हशी कुठे बसतात. बगळा मगरीपासून किती पावलांवर उभा राहतो. मुलं चेंडू आणायला कुठपर्यंत जातात आणि कुठे थबकतात. या शेवटच्या ओळीत तुमचं अर्धं पुस्तक आहे. कुणी फळी लावून सांगितलेलं नसताना ती नेमकी तिथेच का थांबतात, हे घरी येऊन विचारा. उत्तर बहुधा एखाद्या आजीपर्यंत जाऊन पोचतं.

सवड असेल तर चरोतरात एक चक्कर मारा. आणंद-खेडा जिल्ह्यांकडच्या मलातजसारख्या गावांत तळ्यात मगरी आहेत आणि त्याच तळ्यावर बायका कपडे धुतात, गुरं पाणी पितात. खोडियार मातेचं वाहन मगर, त्यामुळे तिच्याबद्दल भीतीइतकाच आदरही आहे. वल्लभ विद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कन्झर्व्हन्सी स्वयंसेवकांना बरोबर घेऊन तिथल्या मगरींची मोजणी करते. अशा मोजणीत एकदा सामील झालात तर महिनाभर वाचून जेवढं कळणार नाही तेवढं एका दिवसात कळेल.

३. मगरीचा संसार नीट समजून घ्या

या पायरीवर घाई करू नका. चित्रपुस्तकातली चूक मूल आयुष्यभर खरी धरून बसतं.

आपली मगर ती दलदलीतली, रुंद जबड्याची. चित्रकार संदर्भासाठी इंटरनेटवर जातो आणि अमेरिकेतला ॲलिगेटर उतरवून आणतो, हा अगदी नेहमीचा घोळ. ओळखायची सोपी खूण अशी: जबडा मिटलेला असताना खालचा चौथा दात बाहेर दिसत असेल तर ती मगर, दिसत नसेल तर ॲलिगेटर. लांब, चिंचोळ्या तोंडाची आणि नराच्या नाकाशी मडक्यासारखा गोळा असलेली ती घडियाल, ती विश्वामित्रीत नाही. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर चिडलेली नसते. अंगातली उष्णता सांभाळायची तिची ती रीत आहे. म्हणजे तुमच्या चित्रात ती उघड्या जबड्याने शांतपणे पहुडलेली दिसली तर उत्तमच. मुलांना ते नवं असतं.

घरटं पक्ष्यासारखं काटक्यांचं नाही. मादी काठावरच्या मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा खणते, पांढरी, कडक कवचाची अंडी घालते आणि माती लोटून देते. अंडी साधारण पंचवीस-तीस असतात. हे उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. मुलगा की मुलगी हे खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं. दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या आगेमागे, पिल्लं अंड्यातूनच आवाज करू लागतात. तो ऐकून आई माती उकरते आणि वीतभर लांबीच्या पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्यापर्यंत नेते. पिल्लांच्या अंगावर काळे आडवे पट्टे असतात, मोठेपणी ते फिके पडतात.

बाबांना गोष्टीत जागा हवी असेल तर तीही आहे. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरींच्या संवर्धन केंद्रात नर मगरीही घरटं उघडताना आणि पिल्लं तोंडातून नेताना पाहिल्या गेल्या आहेत. मुलांना ही गोष्ट फार आवडते, बाबालोकांना जरा कमी.

आता हे वेळापत्रक घरातल्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. जानेवारीत आपण गच्चीवर पतंग उडवतो, ती काठावर ऊन खाते. मार्चात परीक्षा, तिकडे अंडी. जूनमध्ये शाळा उघडते, तिकडे पिल्लं बाहेर. मग पाऊस, पूर, गणपती. तुम्हाला काही रचावं लागत नाही, दोन्ही घरांचं पंचांग एकाच नदीवर चालतं.

पुराचं पान टाळू नका. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांत आल्या, वनखातं आणि स्वयंसेवक त्यांना धरून नेत होते. ज्या मुलांनी ते पाहिलंय त्यांना ‘नदी शांत वाहत होती’ एवढंच सांगून चालणार नाही. पुढे २०२५ मध्ये नदीचं पात्र खोल-रुंद करायचं काम निघालं. ते काठ मगरीच्या अंडी घालायच्या जागाही आहेत. यातला वाद मुलांच्या पुस्तकात आणायची गरज नाही, पण तुम्हाला तो माहीत असलेला बरा. मग काठावर पोकलेन काढायचं की नाही, हे तुम्ही जाणूनबुजून ठरवाल.

४. गोष्ट लिहा, मग निम्मी खोडा

चार ते आठ वयासाठी अख्ख्या पुस्तकात चारशे-पाचशे शब्द पुरतात. चित्रात जे दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही. चित्रात पाऊस पडत असेल तर ‘धो धो पाऊस पडत होता’ हे वाक्य गेलं.

आणि उपदेश. तो कुठून तरी शिरतोच. ‘निसर्ग आपला मित्र आहे, त्याची काळजी घेतली पाहिजे’ असं वाक्य लिहावंसं वाटलं की त्याच्या जागी घरातल्या कुणाच्या तरी तोंडचं, त्या क्षणाचं वाक्य घाला. आजी नातवाचा शर्ट मागून धरून म्हणते, ‘बघ ना, बघ. पण इकडून.’ झालं की! काळजी आली, धाक आला, कुतूहल आलं आणि अंतरही आलं.

संवादात एखादा गुजराती शब्द आला तर येऊ द्या. बडोद्याची मराठी आजी तशीच बोलते, तिला पुण्याला नेऊन सोडू नका. माणसांची नावं, स्वयंपाकघर, गच्ची, झोपाळा, उत्तरायणाचं उंधियू आणि तिळगूळ एकाच ताटात, हे सगळं तुमच्या घरातलं असू द्या.

मगरीला बोलायला लावायचं का? माझं मत: नको. ती बोलली की ती माणूस होते, आणि मग नदीकाठच्या मुलाला ती माणसासारखी वागेल असं वाटू लागतं. तिला नाव दिलं तरी मी कुरकुर करीन, पण ते एकवेळ चालवून घेईन.

५. डमी करा

डमी म्हणजे पुस्तकाचं कच्चं, हातात धरून उलटता येणारं रूप. हे न करता थेट चित्रांना हात घातला तर पुढे रडावं लागतं.

चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं धरतात, कारण छापखान्यात मोठा कागद घडी घालून १६ पानांचा एक फर्मा होतो, आणि ३२ म्हणजे दोन फर्मे. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं निदान चारच्या पटीत हवीतच. ३० पानांची गोष्ट घेऊन गेलात तर प्रेसवाला दोन कोरी पानं लावून देईल, आणि पुस्तक तुमच्याकडे बघून हसेल. शीर्षकाचं पान आणि माहितीचं पान वजा केलं की गोष्टीला चौदा-पंधरा जोडपानं उरतात.

पाठकोऱ्या कागदांच्या घड्या घालून छोटी पुस्तिका करा, स्टेपल मारा. प्रत्येक जोडपानावर काठ्याकुठ्यांची माणसं आणि लांबट मगर काढा, शब्द पेन्सिलीने लिहा. आता उलटून बघा. पान उलटताना काय लपतं आणि काय उघडं होतं, चित्रपुस्तकाची सगळी गंमत त्यात आहे. उजव्या पानाच्या शेवटी मुलगा कान टवकारतो, उलटलं की काठावरची माती हललेली दिसते. हे संगणकाच्या पडद्यावर कळत नाही.

मधली घडी हे अशा पुस्तकातलं सगळ्यात कामाचं हत्यार आहे. डावीकडे माणसांचं घर, उजवीकडे मगरीचं, आणि मध्ये पानाची घडी म्हणजे नदी. बहुतेक पानांवर कुणीच ती घडी ओलांडत नाही. पुराच्या पानावर मात्र पाणी ती ओलांडून डावीकडे येतं, आणि एक शब्दही न लिहिता मुलाला कळतं की आज काहीतरी वेगळं आहे. पूर ओसरला की पुन्हा दोघं आपापल्या पानावर. माझ्या मते अंतर दाखवायची याहून साधी रीत नाही.

सावध राहायचं ते एवढंच की घडीत जे जातं ते गिळलं जातं. मगरीचा डोळा, आजीचा चेहरा, एखादा शब्द घडीच्या आसपास ठेवू नका, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडा.

६. चित्रं: स्वतः की दुसऱ्याकडून

स्वतः काढणार असाल तर चित्र कापायच्या रेषेबाहेर चारी बाजूंनी ३ मिमी वाढवून काढा. याला ब्लीड म्हणतात. ते नसेल तर कटिंगमध्ये कडेला पांढरी पट्टी दिसते.

दुसऱ्याकडून काढून घेणार असाल तर बडोद्यासारखी जागा नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासून इथे आहे, आणि तिथल्या शिकणाऱ्या किंवा नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पुस्तकाचं काम हवं असतं. ओळखीतलं आहे म्हणून फुकटात मागू नका. सुरुवातीला एकच जोडपान पैसे देऊन काढून घ्या, जमतंय वाटलं तरच पुढे जा.

आणि दोन पानांचा का होईना, लेखी करार करा. त्यात मोबदला, हप्ते, किती वेळा बदल सांगता येतील, मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव, मूळ चित्रं कुणाकडे राहतील, दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीला वेगळे पैसे की नाही, एवढं हवंच. हक्क देण्याची मुदत लिहिली नसेल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तोंडी ठरलेलं पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

एक मोह इथे हमखास होतो. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींची पिठोरा चित्रं जवळच आहेत, सुंदर आहेत, तेव्हा तीच शैली उचलू या, असं वाटतं. पिठोरा हे भिंतीवर नवस फेडताना विधीपूर्वक लिहिलं जाणारं देवाचं काम आहे. त्यातले घोडे उचलून मगरीभोवती नक्षी म्हणून लावू नयेत. ती शैली खरंच हवी असेल तर ती चित्रं लिहिणाऱ्या माणसाकडेच जा, त्याला विचारा, त्याचं नाव लावा.

७. अक्षरांची भानगड

बडोद्यात मराठी पुस्तक करताना सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती इथे. टाइपसेटिंग करणारा बहुधा गुजराती आणि हिंदीत सरावलेला असतो. तो प्रेमाने काम करतो, पण त्याच्या हाताखालून ‘वाळू’ची ‘वालू’ होते, ‘काळी’ची ‘काली’ होते. आणि ‘किनाऱ्यावर’मधला तो अर्धा ‘र’, तो तर नक्की मोडतो आणि ‘किनार्यावर’ असं काहीतरी छापून येतं. नदीच्या पुस्तकात किनारा किती वेळा येतो ते मोजून बघा!

म्हणून मजकूर कधीच हाताने लिहून देऊ नका. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करून द्या, म्हणजे तो पुन्हा टाइप करायला लागणार नाही. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करून घ्या असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. ॲडोबीच्या इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावला आहे ना, ते शेजारी बसून बघा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांची चित्ररेषा करून झाल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, तेव्हा शेवटचं प्रूफ त्याआधी वाचायचं. ल आणि श यांची वळणं मराठी आहेत का तेही पाहा. हिंदी वळणाचा फॉन्ट आला तर नव्याने वाचायला लागलेलं मूल अडखळतं.

इथली पुष्कळ मराठी मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात, मराठी घरी कानावर पडते. त्यांना अक्षर मोठं हवं, ओळ छोटी हवी, आणि शब्द ओळीच्या शेवटी तोडलेला नको. चित्रावर थेट अक्षरं टाकायची असतील तर खाली फिका, सपाट रंग असू द्या.

आता एक युक्ती सांगते, तिने पुढचे बरेच पैसे वाचतात. सगळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. रंगीत छपाईत चार प्लेटा, म्हणजे प्रत्येक शाईसाठी एक छापायचा पत्रा, असतात: निळसर, गुलाबी, पिवळी, काळी. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असेल तर उद्या गुजराती आवृत्ती काढताना तेवढी एकच प्लेट बदलावी लागते, बाकीच्या तीन तशाच. चित्रावर पांढरी अक्षरं काढलीत की चारही प्लेटा नव्या. शिवाय चार रंग मिसळून केलेलं काळं अक्षर जरा सरकलं तरी धुरकट दिसतं.

८. मुलांसमोर वाचा

रंगकामाआधी, डमीवरच. तुम्ही वाचू नका, दुसऱ्याला वाचायला द्या आणि मुलांकडे बघत बसा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न कामाचा नाही, पाहुण्यांना मुलं नेहमी हो म्हणतात. ‘मगर कुठे राहते?’ विचारा. ‘तू तिथे असतास तर काय केलं असतंस?’ विचारा. कुणी ‘मी तिला हात लावला असता’ म्हणालं तर चित्रं पुन्हा काढायला घ्या.

वाचणारी आजी जिथे अडखळते ते वाक्य बदला. प्राण्यांच्या माहितीसाठी डमी एखाद्या प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला किंवा मगरी सोडवण्याचं काम करणाऱ्याला दाखवा.

शेवटच्या पानावर ‘मगर दिसली तर’ अशा चार ओळी जरूर द्या: लांब राहा, गर्दी करू नका, दगड मारू नका, मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवा. फोन नंबर छापणार असाल तर छापण्याआधी तो स्वतः फिरवून बघा.

९. कागदपत्रं

इथे लोक उगाच घाबरतात. लागतं ते एवढं:

- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक: राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर, लेखक-प्रकाशक म्हणून स्वतः अर्ज करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान तयार ठेवा. शुल्क नाही. पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा
- मराठी आणि गुजराती आवृत्तीला, पुठ्ठा बांधणी आणि साध्या बांधणीला वेगवेगळे नंबर
- चित्रकाराशी झालेला करार
- कॉपीराइट नोंदणी: सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. नोंदवायचाच असेल तर अर्ज ऑनलाइन होतो, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं
- माहितीच्या पानावर हक्क कुणाचा, वर्ष, आवृत्ती, मुद्रक, प्रकाशकाचा पत्ता, किंमत

एक सापळा: ‘आमचाच आयएसबीएन लावून देतो’ असं कुणी छापखानेवाला म्हणाला तर नोंदीत प्रकाशक तो होतो, तुम्ही नाही.

आणि १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने राष्ट्रीय ग्रंथालय (कोलकाता), कॉनेमारा ग्रंथालय (चेन्नई), मध्यवर्ती ग्रंथालय (मुंबई) आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रती पाठवायच्या असतात. स्वतः पुस्तक काढणारे हे सर्रास विसरतात.

१०. छापखाना

काहीशे प्रतींच्या आत डिजिटल, त्यापुढे ऑफसेट, असं ढोबळपणे धरा. ऑफसेटला प्लेटांचा खर्च सुरुवातीलाच होतो, म्हणून प्रती वाढल्या की एक प्रत स्वस्त पडते. ‘हजार काढल्या तर फक्त इतकेच जास्त’ हे वाक्य प्रत्येक प्रेसमध्ये ऐकू येतं. त्या हजार प्रती ठेवणार कुठे, हे आधी घरात विचारा.

माप कागदावरून ठरवा. २० × ३० इंची कागदातून सव्वासात × साडेनऊचं पुस्तक फारसा कागद वाया न जाता निघतं. चौकोनी पुस्तक देखणं दिसतं, पण कापून टाकलेल्या पट्ट्यांचेही पैसे आपणच देतो. आत १३० ते १७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद, मुखपृष्ठाला ३०० च्या आसपास आणि वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत आर्ट पेपरवर दिवा चमकतो आणि रात्री मांडीवर घेऊन वाचताना चित्र दिसत नाही, म्हणून मी मॅटच्या बाजूची आहे.

रंग: पडद्यावरचा झगमगता हिरवा शाईत उतरत नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, करून आधी बघा. नदीच्या पुस्तकात मातकट आणि शेवाळी छटा खूप, त्या सगळ्या एकाच चिखलासारख्या दिसण्याचा धोका असतो, तेव्हा मगर आणि काठ यांच्यात उजेडाचा फरक ठेवा. छपाईच्याच कागदावर निदान एका फर्म्याचं रंगीत प्रूफ मागा, सही करून द्या, आणि छपाईच्या दिवशी ते प्रूफ घेऊन मशीनशेजारी उभे राहा. पिना बोथट आहेत आणि आत नीट दुमडल्या आहेत ना, तेही बोट फिरवून पाहा. छोट्या मुलांची बोटं तिथेच जातात.

११. पुस्तक पोचवायचं कुठे

दुकानदार छापील किमतीतला चांगला मोठा हिस्सा ठेवतो, तेव्हा किंमत ठरवताना तो धरूनच ठरवा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांच्या चित्रपुस्तकांवरही नाही.

ग्रंथालयांपासून सुरुवात करा. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना बोलावून इथे ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, गावोगाव पेट्यांतून पुस्तकं फिरवली, मुलांसाठी बालज्ञानमाला काढली. १९१० सालचं मध्यवर्ती ग्रंथालय अजून मांडवीजवळ आहे, तिथे एक प्रत द्याच. मग मराठी वाङ्मय परिषद, दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मंडळं, गणेशोत्सवातले कार्यक्रम. २०१८ चं मराठी साहित्य संमेलन बडोद्याने भरवलं होतं, तेव्हा इथे मराठी वाचक नाहीत असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. मात्र पुस्तक टेबलावर मांडून ते खपत नाही. एका कोपऱ्यात सतरंजी टाकून मुलांना वाचून दाखवा, मग आया येऊन किंमत विचारतात.

बाहेरगावी पाठवायला टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची सेवा २०२५ पासून आहे. पुस्तकाच्या चारी कोपऱ्यांना पुठ्ठा लावा, नाहीतर पोचेपर्यंत कोपरे दुमडतात. छापण्याआधी पुस्तक मोफतही वाचलं जावं असं वाटत असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मुक्त परवान्याने ठेवता येतं, पण मग कुणीही त्याचं भाषांतर करू शकतं, हे चित्रकाराला आधी सांगा.

आणि गुजराती मजकूर छपाईआधीच कुणा जाणत्याकडून करून ठेवा. शाळेत प्रत दाखवलीत की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो, आणि तेव्हा तुमच्या हातात नुसती काळी प्लेट बदलायची बाकी असली पाहिजे.